काका, भिंतीतलं कपाट अजून जागेवर आहे

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला घेतलं की तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणून मोकळे होता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. मध्येच तोडायची सोय नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पॅसाडीनात घर घेतलं तेव्हा पुण्यात बातमी पसरली, ‘पोरांनी अमेरिकेत बंगला घेतला.’ खोटं नव्हतंच ते. इथे या घरांना बंगलाच म्हणतात. बंगालमधल्या उतरत्या छपराच्या, पडवीच्या घराचं नाव इंग्रजांनी उचललं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कॅलिफोर्नियात येऊन साध्या नोकरदाराच्या घराला चिकटलं. पण पुण्यात बंगला म्हटलं की गेट, माळी आणि दोन मजले. आमचा बंगला १२०० चौरस फूट, झोपायच्या खोल्या दोन, न्हाणीघर एकच. आई पहिल्यांदा आली तेव्हा पडवीतल्या जाडजूड खांबावरून हात फिरवून म्हणाली, ‘बाहेरून तरी छान आहे.’

आत सगळं पांढरं होतं. दारं, चौकटी, छताच्या तुळया, शेकोटीच्या टाइल्स, सगळ्यावर एकावर एक रंगाचे थर. घर १९१२ चं, हातकामाला मान देणाऱ्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स पद्धतीचं, हे आम्हाला कागदावर माहीत होतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. आमची वस्ती बंगलो हेवन. १९८९ साली शहराने जपण्यासाठी जाहीर केलेली ही पहिली वस्ती, त्यामुळे बाहेरून काही बदलायचं तर परवानगी लागते. आतलं मात्र आमच्या मर्जीवर, आणि आमची मर्जी तेव्हा कंत्राटदाराच्या खिशात होती. तो वीस मिनिटं घरात फिरला. बैठकीची खोली आणि जेवणघर यांच्यामधले लाकडी खांब पाडू, जेवणघराच्या भिंतीतलं कपाट काढू, सगळं मोकळं मोकळं करू. आम्ही माना डोलावल्या. सही तेवढी राहिली होती.

आणि गणपती आले. आरतीनंतर तुम्ही प्रसादाची वाटी त्या कपाटावर ठेवलीत आणि सहज एक खण ओढलात. शंभर वर्षांचा खण, पण आवाज न करता बाहेर आला. तुम्ही तो पूर्ण काढून उलटा केलात आणि कोपरा बघत राहिलात. तिथे दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले होते, खिळा एकही नाही. लोक मोदक खात होते आणि तुम्ही वाकून कपाटाच्या दाराची आतली बाजू हुंगत होतात. मला वाटलं, काकांना काहीतरी होतंय. मग म्हणालात, ‘कोणी रंगवल्यान ह्या?’ आणि माझ्याकडे स्पिरिट मागितलंत.

तो कापसाचा बोळा मी विसरणार नाही. दाराच्या आत, बिजागरीजवळ, रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता अशा बोटभर जागेवर तुम्ही स्पिरिटचा थेंब टेकवलात. अर्ध्या मिनिटात ते चिकट झालं, कापसाला तांबूस डाग आला. ‘चपडा,’ तुम्ही म्हणालात, ‘आपली लाख.’ मग सगळ्यांना मागे सारून सांगायला लागलात. पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांद्यांवर किडे जे कवच करतात ते खरवडायचं, वितळवायचं, ताणून पापडासारखं पातळ करायचं आणि मोडायचं, तो चपडा. तुमच्या वडिलांच्या कुडाळच्या सुतारशाळेत तो रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत पडलेला असायचा. इथली त्या काळातली बरीच घरं आतून त्याच लाखेने पॉलिश केलेली, आणि लाखेचा मोठा व्यापार हिंदुस्थानातून. म्हणजे आमच्या जेवणघराच्या भिंतीवर, पांढऱ्या रंगाखाली, कुठल्यातरी पळसावरून आलेली लाख निपचित पडली होती. तुमचे डोळे ओले झाले होते की वासाने झोंबत होते, ते मी विचारलं नाही.

कंत्राटदाराला नाही म्हणायला मला त्यानंतर दोन दिवस लागले. खरी भीड त्याचीच वाटत होती.

पुढचे सात महिने तुमचे शनिवार आमच्याकडे गेले. लोक मला विचारतात, एवढा रंग काढला कसा? काका, मी सांगते ते बरोबर आहे का बघा. रंग लाकडावर बसलेलाच नव्हता, लाखेवर बसला होता. गरम हवा दिली की खालची लाख मऊ पडते आणि वरचे थर साय निघावी तसे एकत्र उचलले जातात. कोऱ्या लाकडावर रंग लावलेला असता तर तो रेषारेषांत मुरला असता आणि आम्ही अजून खरवडत बसलो असतो. पण त्याआधी तुम्ही माझ्याकडून जे करून घेतलंत तेही सांगते, कारण घाईत लोक तेच टाळतात. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली. आमचे बरेचसे थर त्याआधीचे. तुम्ही तपासणी होईपर्यंत पटाशी हातात घेतली नाहीत. पोरगी तेव्हा दीड वर्षाची. ती दर शनिवारी मैत्रिणीकडे. खोलीला प्लास्टिकचा पडदा, तोंडाला चांगला मास्क, कोरडं घासणं बंद, पुसणं ओल्या फडक्याने, आणि गरम हवेचं यंत्र ११०० अंश फॅरनहाइटच्या खूप खाली, कारण त्याच्या वर गेलं की शिशाची वाफ होते. स्पिरिटची बाटली त्या दिवशी घरातच नको, ती मागच्या शेडमध्ये. मी कुरकुरले की तुम्ही म्हणायचात, ‘थांब गो.’ एवढंच.

एकदा थांबले नाही. तुम्ही ह्यूस्टनला लेकीकडे गेला होतात. मी झोपायच्या खोलीच्या दाराला घासायचं यंत्र लावलं. पाच मिनिटांत मधल्या फळीवरचा कागदासारखा पातळ लाकडाचा थर पार गेला आणि खालचं फिकट लाकूड तळहाताएवढं उघडं पडलं. तुम्ही परत येईपर्यंत मी त्यावर टॉवेल लटकवून ठेवला होता. आल्या आल्या टॉवेल उचललात, बघितलंत, परत ठेवलात. संध्याकाळी ते दार माझ्या कपड्यांच्या कपाटाला बसवलंत, खराब बाजू आत. रोज साडी काढताना तो डाग दिसतो.

आणखी एक कबुली. मला ओकच हवा होता. याच पद्धतीचं फर्निचर करणाऱ्या गुस्ताव स्टिक्लीच्या जुन्या मासिकातली ती वाघाच्या पट्ट्यांसारखी चमक असलेली लाकडं बघून मी वेडी झाले होते. आपल्या घरात निघालं डग्लस फर, तांबूस, उभ्या रेषांचं, इथल्याच किनाऱ्याचं. माझा चेहरा बघून तुम्ही मला गँबल हाउस दाखवायला नेलंत. १९०८ चं काम, चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुविशारद भावांचं, साबणवाल्या गँबल कुटुंबासाठी. हात लावायला मनाई, म्हणून तुम्ही हात पाठीमागे बांधून फिरत होतात, आणि ब्रह्मदेशी सागाच्या जिन्यापाशी आल्यावर बांधलेली बोटं नुसती वळवळत होती. परतताना मी म्हटलं, ही आर्ट्स अँड क्राफ्ट्सची चळवळ इंग्लंडात कारखान्याच्या मालाविरुद्ध उठली आणि आपल्या घराच्या फळ्या तर गिरणीत कापलेल्या, मग आपलं खरं कसं? तुम्ही सिग्नल सुटेपर्यंत बोलला नाहीत. मग म्हणालात, फळी कशीही काप, सांधा बसलो की झाला. त्या चळवळीचे म्होरके विल्यम मॉरिससाहेब, त्यांना हे पटलं नसतं. मला पटतं.

शेकोटीचं सांगायलाच हवं. टाइल्सवरचा रंग मी आम्लाने उडवणार होते. तुम्ही बाटली काढून घेतलीत आणि जेलीसारखं औषध लावून, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवलंत. सकाळी लाकडी सुरीने खरवडलं तर खालून मातकट तपकिरी रंग आला, आणि मधल्या टाइलवर मोर. अर्नेस्ट बॅचेल्डर याच गावात टाइल्स भाजायला लागला होता. उठावाच्या खोलगट भागात निळा रंग भरायचा आणि वरचा पुसून घ्यायचा, ही त्याची तऱ्हा. आपल्या मोराच्या पिसाऱ्यात तो निळा अजून आहे. आई व्हिडिओवर बघून म्हणाली, पैठणीचा.

आईची एक तक्रार मात्र खरी आहे. घर अंधारलं. पुढे आलेलं छप्पर, गडद लाकूड, त्यात मी भिंतींना शेवाळी रंग दिला. डिसेंबरात चार वाजता दिवे लावावे लागतात. तुम्ही आणलेला अभ्रकाच्या शेडचा दिवा लावला की खोली मधासारखी दिसते, पण त्या उजेडात भाजी निवडता येत नाही. स्वयंपाकघरात मी पांढरी ट्यूब लावली आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

खिडक्यांच्या दोऱ्या सगळ्या बदलल्या. चौकटीच्या पोटातली लोखंडी वजनं तीच ठेवली, तुम्ही म्हणाला होतात तशी. आता खालची काच एका बोटाने वर जाते आणि जिथे सोडाल तिथे थांबते. पोरगी दिवसातून वीस वेळा हा खेळ करते. चपड्याची बरणी मी ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवली आहे, गॅलनला दोन पौंड याच मापाने भिजवलेली. ती तिला काकवी वाटते, म्हणून झाकणावर मोठ्ठी फुली मारली आहे. परवा दिवाळीत कोणीतरी गरम चहाचा कप कपाटावर ठेवला आणि पांढरं वर्तुळ उमटलं. मी घाबरले नाही. मलमलीत बोळा बांधला, स्पिरिट जेमतेम ओलसर, दोन हात फिरवले. वरची लाख विरघळून पुन्हा एकजीव झाली. कुठे डाग होता ते मलाही सांगता येणार नाही.

आता तुम्ही कायमचे ह्यूस्टनला. हात थरथरतो म्हणून हत्यारं वाटून टाकलीत, असं ताईकडून कळलं. तुमचा काटकोन बघायचा गुण्या आमच्याकडे राहिला आहे, पितळी पट्टीचा, वडिलांचा. पोस्टाने पाठवणार नाही. मागच्या पडवीचं दार खाली घासतंय, बिजागरी की चौकट ते मला कळत नाही. एप्रिलमध्ये या, हत्यार मी धरीन, तुम्ही खुर्चीत बसून सांगा.

तुमची,
कपाटवाली