कुत्र्याचं लायसन काढायचं तरी कुठे?

संपादक साहेब, नमस्कार. आमच्याकडे वाघ्या नावाचा गावठी कुत्रा आहे, त्याचं लायसन काढायला मी दोनदा पालिकेत गेलो तर आरोग्यवाले म्हणे वरच्या मजल्यावर विचारा आणि वरचे म्हणे असा अर्जच नाही आमच्याकडे. २०२३ च्या केंद्राच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याचं लसीकरण, नसबंदी मालकाची जबाबदारी असं साफ लिहिलंय, मान्य आहे, पण सोय नको का? सरकारी दवाखान्यात रेबीजची लस संपलेली, खासगी डॉक्टर शहरात, आणि खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात कुत्र्याला मोटरसायकलवर मांडीत धरून न्यायचं, वाघ्या तर रस्ताभर जीभ काढून धापा टाकत होता, लई जीव तुटला.

गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांचंही तेच, लोक म्हणतात गाडीत भरून जंगलात सोडा, पण नियमाप्रमाणे नसबंदी अन् लस करून त्याच जागी परत सोडावं लागतं. आणि कुत्रं चावलं तर हळद-मिरची भरू नका हो, आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

पालिकेने निदान महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी लसीकरण कॅम्प लावावा, लायसनचा अर्जही तिथेच घ्यावा.

– एक वाचक, खान्देश