नेवार्कच्या रांगेत भेटलेल्या कोल्हापूरच्या मुलीला

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझं नाव मला ठाऊक आहे, पण तुला न विचारता ते इथे लिहिणं बरं वाटत नाही. तुझा नंबर घ्यायचा मात्र राहूनच गेला, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. तुझ्या ओळखीच्या कुणी वाचलं तर तुझ्यापर्यंत पोचेल. खूण सांगते म्हणजे तुला लगेच कळेल. जुलैमधला शुक्रवार, अमेरिकेतला नेवार्कचा विमानतळ, सिक्युरिटीची रांग आणि माझ्या हातातल्या बॅगेतलं कैरीचं लोणचं.

मी वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. दर वर्षी सहल नेली. प्रतापगड, रायगड, अलिबाग, एकदा गणपतीपुळे. एसटीत चढताना पोरं मोजायची, उतरताना मोजायची, जेवायला बसवून पुन्हा मोजायची. चाळीस पोरं नेणं मला कधी जड गेलं नाही. पण एकटीनं कुठे जायची वेळच आली नव्हती. आधी वडील असत, मग हे असत, हे गेल्यापासून लेक-जावई. तिकीट कायम दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात.

या वेळी मी तीन आठवडे नेवार्कजवळच्या एडिसनला धाकट्या दिरांकडे होते. लेक अटलांटाला. नातवाला सहावं लागलं म्हणून सगळ्यांनी फ्लोरिडात ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं. ते गाडीनं येणार, साधारण ४४० मैलांचा, सात तासांचा रस्ता; मी नेवार्कहून विमानानं थेट ऑर्लँडोला. लेकीनं विचारलं होतं, "आई, व्हीलचेअर लावू का?" आपल्याकडची पुष्कळ आईवडील मंडळी पायांसाठी नाही, तर इंग्रजीच्या धास्तीनं ती खुर्ची घेतात, हे मला माहीत आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण माझे गुडघे धड आहेत, ज्याला खरोखर चालवत नाही त्याची खुर्ची कशाला अडवायची, म्हणून मी नको म्हटलं. दिरांनी सिक्युरिटीच्या तोंडाशी सोडलं, कारण पुढे फक्त प्रवाशांनाच जाता येतं. ते दिसेनासे झाले आणि माझ्या तळहातांना घाम फुटला.

म्हणून मी लेकीला फोन लावला. बोलता बोलता म्हटलं, "लोणच्याची बरणी वरच ठेवलीय गं, फुटायला नको." तेवढ्यात पुढे उभी असलेली तू वळलीस. "काकू, लोणचं हातातल्या बॅगेत आहे होय?"

त्या गर्दीत ते "होय" ऐकून मला काय वाटलं, ते लिहून सांगता येणार नाही.

१०० मिलीलीटरपेक्षा जास्त पातळ वस्तू हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, हे मी ऐकून होते. पाणी नको, तेल नको, एवढं मला कळत होतं. लोणचं त्यात धरतात हे डोक्यातच आलं नव्हतं. तू म्हणालीस, बरणी तिथेच कचऱ्यात जाईल, अजून वेळ आहे, मागे जाऊन बॅग काउंटरवर द्या. तुझ्यामागे तीसचाळीस माणसं उभी होती. तू रांग सोडलीस. काउंटरपाशी गेल्यावर मला वाटलं, आता ही बोलेल. तू बाजूच्या खांबाला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "काकू, तुम्ही बोला. बॅग चेक-इन करायची आहे, एवढंच सांगायचंय. मी इथंच आहे."

मी बोलले. समोरच्या बाईंना एकदाच "पार्डन?" म्हणावं लागलं. बॅगेला पट्टी लागली, पावती माझ्या हातात आली.

पट्टीवर ऑर्लँडो नव्हतं, 'एमसीओ' होतं. माझा जीव पुन्हा वरखाली. तेव्हा तू सांगितलंस की या विमानतळाच्या जागी पूर्वी हवाई दलाचा तळ होता. मॅकॉय नावाचे कर्नल १९५७ मध्ये तिथे विमान अपघातात गेले, त्यांचं नाव तळाला दिलं, आणि तळ गेला तरी ती तीन अक्षरं बॅगांच्या पट्ट्यांवर राहिली. तू फ्लोरिडातच डेटोना बीचला विमानांचंच शिक्षण घेतेस हे मला तेव्हा कळलं. त्या कर्नलांबद्दल तू घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोललीस. आपल्या विषयावर माया असलेलं पोर मला लांबून ओळखू येतं.

मग तीन तासांचा उशीर. बोर्डावर आमच्या विमानापुढची वेळ दोनदा बदलली आणि नेवार्कला तर लख्ख ऊन. मी विचारलं, इथे आभाळ निरभ्र आहे, मग अडलंय कुठे? तू माझ्या डब्याचं झाकण मांडीवर ठेवलंस, तिखटमिठाच्या दोन पुऱ्या त्याच्या दोन टोकांना ठेवल्यास. ही अटलांटिकची बाजू, ही मेक्सिकोच्या आखाताची. मध्ये फ्लोरिडाची चिंचोळी जमीन. दुपारी जमीन तापते, दोन्हीकडून समुद्राचं वारं आत येतं. तू पुऱ्या सरकवत आणल्यास, कडेला कड भिडली आणि दोन्ही पुऱ्या मध्ये उभ्या झाल्या. "असा ढग उभा राहतो, काकू. उन्हाळ्यात बऱ्याच दुपारी." विजा जवळ आल्या की उघड्यावर काम करणाऱ्या सगळ्यांना आत घेतात, सामान चढवणारे, इंधन भरणारे, विमान ढकलणारे. ती माणसं आत गेली की उतरलेली विमानंसुद्धा गेटला लागत नाहीत, जागा रिकामी होत नाही, आणि मग इकडच्यांना इकडेच थांबवतात. वर घिरट्या घालत बसण्यापेक्षा जमिनीवर थांबलेलं केव्हाही चांगलं.

मी पर्जन्याचा धडा कितीतरी वर्षं शिकवला. असं शैक्षणिक साहित्य मला कधी सुचलं नाही. त्या पुऱ्या आपण मग खाऊन टाकल्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

साडेतीनच्या सुमारास घोषणा झाली. माझ्या कानाला त्यातला आमच्या विमानाचा नंबर तेवढा लागला. तू ऐकलं होतंस, तुला सगळं कळलं होतं. तरी म्हणालीस, "काकू, बोर्ड बघा आणि मला सांगा कुठं जायचं." मी बोर्डापुढे उभी राहिले. आधी शहराचं नाव शोधलं, मग वेळ, मग नंबर, मग गेट. गेट बदललं होतं. मी निघाले, डाव्या हाताला. तू दोन पावलं मागे. मी बरंच चालले, दुकानं गेली, पाण्याचे नळ गेले, आणि मग लक्षात आलं की गेटचे आकडे वाढायच्या ऐवजी उतरतायत. मी थांबले. मागे पाहिलं. तुझ्या चेहऱ्यावर ना घाई, ना हसू. मी म्हटलं, "उलटं आलो का गं आपण?" तू फक्त मान हलवलीस आणि मला वळायला वाट दिलीस.

तुला पहिल्या पावलालाच माहीत होतं. तुझी स्वतःचीही तीच फ्लाइट होती. आणि तू मला चुकू दिलंस, पुरतं चुकू दिलंस, सापडेपर्यंत.

मुली, मी ३४ वर्षं फळ्यापुढे उभी राहिले. पोराचं गणित तिसऱ्या ओळीत चुकलं की माझा हात आपोआप खडूकडे जायचा. मला वाटायचं मी मदत करतेय. शाळा तपासायला येणारे एक विस्तार अधिकारी मला म्हणाले होते, "बाई, थोडं थांबत जा." मला तेव्हा राग आला होता. नेवार्कच्या त्या लांबलचक गालिच्यावर, पर्स छातीशी धरून उलटी वळताना, त्यांच्या म्हणण्याचा अर्थ माझ्या अंगात उतरला. त्या दिवशी पुढचा प्रत्येक बोर्ड मी स्वतः वाचला, आणि एकदाही वाट चुकले नाही.

विमानात आपल्या जागा लांब होत्या. मला खिडकी मिळाली होती. उतरताना खाली तळीच तळी, वाटोळी, पावसानंतरच्या उन्हात चमकणारी. उतरल्यावर बिनड्रायव्हरच्या छोट्या गाडीनं मुख्य इमारतीत जायचं होतं. तिथे आल्यावर कळलं की सामानाचे पट्टे ए आणि बी अशा दोन बाजूंना आहेत. "तुमचं काय म्हणतंय?" तू विचारलंस. मी बोर्ड वाचून सांगितलं, "बी." "मग चला."

आणि बी बाजूच्या पट्ट्यापाशी, माझी बॅग यायच्या आत, तू निघालीस. डेटोनाच्या गाडीची वेळ झाली होती, ती तुझ्यासाठी थांबणार नव्हती. "बॅग आली की एक मजला खाली, काकू. बस तिथनंच. तुम्हाला येतंय सगळं." वाकून नमस्कार केलास. मी आशीर्वाद दिला, आणि नंबर विचारायचं भान मला राहिलं नाही. तू सरकत्या जिन्यावरून दिसेनाशी झालीस तेव्हा दिरांच्या वेळी फुटला होता तसा घाम मला फुटला नाही. हे तुला कळावं असं फार वाटतं.

बॅग आली. बरणी शाबूत. खाली उतरले. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना विमानतळावरून फुकट नेणारी बस २००५ पासून होती, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आता पैसे भरून जायचं, लेकीनं आधीच भरले होते. फोनवरचा चौकोनी कोड मी स्वतः दाखवला, हॉटेलचं नाव स्वतः सांगितलं. बसमध्ये बसल्यावर सवयीनं माणसं मोजली. सहलीत मी पोरं मोजायची, स्वतःला कधी धरत नसे. त्या दिवशी धरलं. सव्वीस झाले.

डिस्नेच्या हद्दीत शिरताना रस्त्यावर मोठी कमान लागते. मी ती एकटीनं पाहिली, कारण लेकीची गाडी अजून तासभर मागे होती. हॉटेलवर मीच आधी पोचले आणि ते आले तेव्हा दारात त्यांचं स्वागत मी केलं. नातू म्हणाला, "आजी, तू कुणाबरोबर आलीस?" लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, तुझ्यासकट.

पुढचे चार दिवस काय पाहिलं ते लिहीत बसत नाही. पण दोन गोष्टी तुझ्या कानावर घालायच्या आहेत. अ‍ॅनिमल किंग्डममध्ये आनंदपूर नावाचं एक काल्पनिक राज्य उभं केलंय. पडक्या राजवाड्याच्या भिंतींमागे वाघ, आणि 'काली' नावाच्या नदीत बारा जणांचा गोल तराफा. मी नातवाशेजारी बसून त्या तराफ्यातून गेले, नखशिखांत भिजले. लेक काठावर उभी राहून फोटो काढत होती. नेवार्कच्या आधीची मी काठावर पर्स सांभाळत बसले असते.

दुसरी गोष्ट. तू डबा खाताना सांगितलं होतंस की अमेरिकेत उंच इमारत २०० फुटांच्या वर गेली की विमानांसाठी वर दिवा लावायची वेळ येते, म्हणून डिस्नेतला सिंड्रेलाचा राजवाडा १८९ फुटांवर आणि तिथलाच एव्हरेस्टचा नकली डोंगर २०० ला अर्धा फूट कमी असताना थांबलाय. रात्री राजवाड्यापुढे सगळी माणसं आतषबाजीची वाट पाहत होती. मी नातवाला कडेवर घेतलं आणि सांगितलं, वर नीट बघ, टोकावर लाल दिवा दिसतो का. त्यानं मान मागे टाकून बराच वेळ पाहिलं. "नाही, आजी. का नाही?" मी लगेच उत्तर दिलं नाही. थांबले. तो दोन दिवस विचार करत होता, आणि अटलांटाच्या वाटेवर मागच्या सीटवरून म्हणाला, "विमानांना कळतं का तो किती उंच आहे?" इतक्या जवळ आला होता, तेव्हा मग तुझी गोष्ट सांगितली.

मी सप्टेंबरअखेरपर्यंत अटलांटाला आहे. मग मुंबईचं विमान, मधे एक विमान बदलून. लेकीनं या वेळी व्हीलचेअरचं विचारलंच नाही. लोणच्याची बरणी फोडली तेव्हा त्यातलं थोडं एका काचेच्या बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवलंय, झाकणावर तुझं नाव लिहून. हे पत्र तुला मिळालं तर कळव. लेक ते पार्सल करेल, आणि अभ्यासातून सवड झाली तर तूच ये. पुऱ्या ताज्या करीन.

तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग. कोल्हापुरात त्यांच्या घरी जाऊन हे सगळं समोरासमोर सांगायची माझी फार इच्छा आहे. वाईहून एसटीनं काही लांब नाही.

तुझी,
वाईच्या काकू