पहिला पेपर काउंटरवर शिकवा

संपादक महोदय,

ग्रंथपाल दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पुस्तके द्यायची आणि परत घ्यायची, एवढ्यासाठी पदवीनंतर आणखी एक पदवी कशाला, असा त्याचा सूर होता. लेखकावर माझा राग नाही. सोळा वर्षे मीही हेच म्हणत होते.

मी तालुक्याच्या गावी एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात काम करते (शासन ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग देते). ग्रंथालयाच्या प्रमाणपत्र वर्गावर नोकरीला लागले. दाखलनोंद, देवघेव, वर्गणीच्या पावत्या, तपासणीच्या आधीची धावपळ, सगळे काम करता करता अंगवळणी पडले. मग बेचाळिसाव्या वर्षी, मुलगी बारावीला असताना, बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, नाव घातले. खरे कारण सांगते, पदवी असली तर पुढेमागे उपयोग होईल एवढाच हिशेब होता.

पहिल्या पेपरचे नाव ‘ग्रंथालय, माहिती आणि समाज’. वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणे) यांची सगळ्यांना धास्ती, या पेपरला मात्र कोणी विचारत नाही. “तो सोपा आहे, गाईड आणा, रंगनाथनांची पाच सूत्रे पाठ करा, पास व्हाल,” असे पहिल्याच दिवशी आम्हाला सांगण्यात आले. अभ्यासकेंद्राचे नाव लिहीत नाही. ग्रंथालय कसे चालावे हे सांगणारी पाचही सूत्रे ४० मिनिटांत फळ्यावर आली, आम्ही ती उतरवून घेतली आणि तो विषय संपला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन तिथली ग्रंथालये पाहून आले आणि १९३१ साली त्यांची सूत्रे पुस्तकरूपाने आली, ही माहिती मी नंतर स्वतः शोधून वाचली. गणित शिकवणारा माणूस ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ असे वाक्य लिहितो, तेव्हा त्यातल्या ‘प्रत्येक’वर किती भार असेल, याचा विचार वर्गात कोणी केला नाही.

तो विचार मला करायला लागला २०२४च्या जुलैमध्ये. लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि आमच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या कधी न चढलेल्या बायका आत येऊ लागल्या. कोणी तरी सांगितले होते की तिथे इंटरनेट आहे आणि बाई ओरडत नाहीत. कोणाला उत्पन्नाचा दाखला लागतो का विचारायचे होते, कोणाचे रेशनकार्ड सासरच्या नावावर, कोणाला अधिवासाचा दाखला म्हणजे काय हेच माहीत नाही. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही, हे शासन निर्णयात होते, पण गावात तोवर दाखल्यासाठी रांगा लागल्या होत्या. मी शासन निर्णय छापून घेतला, कामाच्या ओळी पिवळ्या पेनाने रंगवल्या आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावर चिकटवला. मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, तेव्हा तीही तारीख लिहून लावली. कार्यकारी मंडळातले एक काका म्हणाले, “अहो, हे ग्रंथालय आहे की सेतू केंद्र?” तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज देईन. अभ्यासक्रमात याला माहितीसेवा म्हणतात, आणि ते आमचेच काम आहे. त्या बायकांपैकी चार जणी पुढे अनामत भरून सभासद झाल्या.

पण याच कामात माझ्या हातून एक चूक झाली. ज्यांचे अर्ज परत येत होते त्यांना कळवता यावे म्हणून मी शंभर पानी वहीत नाव, मोबाइल आणि आधार क्रमांक लिहून ठेवले. अर्ज संपले, वही खणात राहिली. खणाला कुलूप नाही. शिपाई, लिपिक, अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची मुले, सगळे त्या खणातून पेन घेतात. डिसेंबरात व्यवसायनीतीचे प्रकरण वाचायला घेतले. वाचकाची माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य, असे त्यात होते. गाईडमध्ये ते अडीच ओळींत उरकले आहे. मी पुस्तक मिटले, दुसऱ्या दिवशी ती वही घरी नेली आणि बंबात घातली.

त्याच प्रकरणामुळे एक जुनी गोष्टही टोचू लागली. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, आमची मुलगी काय काय वाचायला नेते ते बघायचे आहे म्हणाले. आमच्याकडे तेव्हा देवघेव नोंदवहीवर चाले, सभासदाला एक पान. मी वही त्यांच्यापुढे सरकवली. बाप मागतोय, त्यात काय? त्यांनी बोट ठेवत ठेवत सगळे पान वाचले, काही बोलले नाहीत. मुलगी त्यानंतर आली नाही. अनामत परत न्यायलाही नाही. आता आमच्याकडे संगणक आहे, पडद्यावरचे पान मी कोणासमोर वळवत नाही, पण हे शहाणपण मला कोणी शिकवले असते तर एक वाचक राहिला असता.

हा पेपर माझ्या पगाराबद्दलही काही सांगेल, असे वाटले नव्हते. मेल्विल ड्यूई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथालयशास्त्राची पहिली शाळा काढली. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी, त्यात १७ स्त्रिया. विश्वस्तांना स्त्रिया नको होत्या, शेवटी ड्यूईंना शाळा उचलून ऑल्बनीला न्यावी लागली. वाचून वाटले, केवढे पुरोगामी! मग पुढचे कळले: शिकलेल्या स्त्रिया कमी पगारात मिळतात, हाही त्यांचा हिशेब होता. स्त्रियांशी त्यांचे वागणे असे होते की अमेरिकन ग्रंथालय संघटनेने २०१९ साली आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. आता आमच्या जिल्ह्यातल्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांत जाऊन बघा, काउंटरमागे कोण बसले आहे आणि महिन्याकाठी काय घेऊन घरी जाते आहे. गावातल्या रोजंदारीशी ताडून बघा म्हणजे झाले. अनुदान दोन हप्त्यांत येते, पगार त्यातूनच निघतो, हप्ता लांबला की पगार लांबतो. मद्रासने १९४८च्या कायद्यात ग्रंथालय कर बसवला, आपल्या महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्यात तो नाही, म्हणून आमची सगळी भिस्त अनुदानावर. हा फरक परीक्षेला पाच मार्कांना येतो, आणि आम्ही तो तोंडपाठ लिहितो, आपल्याच घरातल्या चुलीबद्दल लिहितो आहोत हे लक्षात न घेता.

पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देण्याची ड्यूईंची वर्गीकरण पद्धती आम्हाला दुसऱ्या पेपरात असते, पण खरी ती पहिल्यातच हवी. इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ असा अख्खा वाडा, आणि मराठीला ८९१.४६. म्हणजे दशांशचिन्ह ओलांडून मागच्या खोलीत. २००च्या धर्म वर्गात २२० ते २८० ख्रिस्ती धर्म, आणि हिंदू, बौद्ध, इस्लाम वगैरे सगळे २९०च्या आसपास दाटीवाटीने. अभंगांची गाथा धर्मात लावायची की ८९१.४६१ म्हणजे कवितेत, आणि दलित आत्मकथने चरित्रात, साहित्यात की समाजशास्त्रात, यावर माझ्या सहाध्यायी मैत्रिणीशी मी बसस्टँडवर तासभर भांडले. एसटी चुकली. वर्गात हे भांडण झाले असते तर किती बरे झाले असते!

आणखी एक तक्रार, ती जरा भाबडी वाटेल. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला आणले, १९११ साली तिथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. १९१२ साली बडोद्याहून ग्रंथालयांविषयीचे जे नियतकालिक निघाले ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या विषयावर मराठीत छापून येत होते, आणि आज आमच्या गाईडचे मराठी वाचताना मधेच इंग्रजी पुस्तक उघडावे लागते, तेव्हा वाक्याचा अर्थ लागतो.

आपल्या लेखकाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की पदवी हवीच, पण तिचा पहिला पेपर वर्गातून उठवून काउंटरवर आणा. आमच्या केंद्रात प्रत्यक्ष कामासाठी मुलांना महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पाठवतात. तिथे सगळे वाचक शिकलेले आणि ओळखपत्र गळ्यात घातलेले. राज्यात हजारो अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये आहेत, त्यांतल्या एकात दोन महिने बसवा. सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा वीजबिलातला आकडा का वाढला ते विचारतील, अभ्यासिकेतला मुलगा जुन्या प्रश्नपत्रिका मागेल, कोणी बाई पुस्तक न घेता नुसतीच पंख्याखाली बसून राहील. रोज संध्याकाळी एक पान लिहायला सांगा: आज कोणी काय विचारले, मी काय दिले, काय देता आले नाही. त्या पानांवर गुण द्या. विद्यापीठाला यासाठी पैसे लागणार नाहीत, फक्त एक परिपत्रक आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांशी थोडा पत्रव्यवहार.

आमच्याकडे जागा आहे. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८, सोमवारी बंद. फक्त दिवाळी अंक येतात त्या आठवड्यात नवीन मुले पाठवू नयेत. तेव्हा मला मान वर करायला फुरसत नसते.

आपली,
तालुक्याच्या गावची एक ग्रंथपाल