फ्लॅटबेड मागितली, हुकची क्रेन पाठवली आणि माझ्या फोर बाय फोरचा गिअरबॉक्स गेला

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर,
रोडसाइड असिस्टन्स विभाग

विषय: फोर बाय फोर पिकअप चुकीच्या पद्धतीनं टो केल्यामुळं झालेलं नुकसान भरून मिळणेबाबत

नमस्कार साहेब / मॅडम,

मी कोल्हापूरचा, फुलेवाडीत राहतो, तुमची मेंबरशिप गेली ४ वर्षं माझ्याकडं आहे आणि दरवर्षी वेळेच्या आधी रिन्यू करतो. फोनवर पाच वेळा सांगून झालं, दरवेळी नवीन माणूस उचलतो आणि दरवेळी पहिल्यापासून सुरुवात, म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवतोय, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

गगनबावड्याच्या बाजूला आमचं रान आहे. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस त्याच तालुक्यात पडतो, जून ते सप्टेंबर तिथं साधी गाडी वर चढत नाही, म्हणून कर्ज काढून ही फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद देता येणारी, डबल कॅब पिकअप घेतली, ऑटोमॅटिक. गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी आईला घेऊन रानातनं परत निघालो, मेन रोडला लागलो आणि बॅटरीचा लाल दिवा पेटला, मग वायपर हळू झाले, हेडलाइट पिवळे पडले आणि गाडी बंद. नंतर कळलं अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, गेला होता. एवढंच. हे नीट लक्षात घ्या, कारण त्या वेळेला गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा डबा) सगळं ठणठणीत होतं, अर्ध्या तासापूर्वी हीच गाडी आम्ही गुडघाभर चिखलातनं बाहेर काढली होती.

तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की गाडी फोर बाय फोर आहे, ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रकच पाठवा, चारी चाकं वर पाहिजेत. मॅडम म्हणाल्या, "हो सर, नोट केलंय." कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तो काढून ऐका.

सव्वादोन तासांनी आली ती हुकची क्रेन, पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत न्यायची तसली. ड्रायव्हर दादा म्हणाला फ्लॅटबेड दुसऱ्या कॉलवर आहे, तुम्ही न्यूट्रलला टाका, काय होत नाही. मी नको म्हटलं, तुमच्या ऑफिसला परत फोन लावला, तिथनं उत्तर आलं की सर आमचा माणूस एक्सपर्ट आहे, रोज अशा गाड्या आणतो. धो धो पाऊस, मिट्ट काळोख, ६८ वर्षांची आई थंडीनं कुडकुडतेय, सोबत दुसरं वाहन नाही. शेवटी हो म्हटलं. आता तुम्ही ईमेलमध्ये लिहिताय की कस्टमरच्या संमतीनं टो केलं, तर ती संमती कुठल्या परिस्थितीत घेतली तेपण फाइलला लावा. बॅटरी पूर्ण उतरली होती म्हणून गिअर लिव्हर पार्कमधनं निघेना, तर दादानं शेजारचं छोटं झाकण काढून स्क्रू ड्रायव्हर घालून लॉक सोडवला आणि न्यूट्रल केला. म्हणजे त्याला तेवढं येत होतं. पुढचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, मी त्या पोराला दोष देत नाही, भर पावसात एकटा काम करत होता बिचारा.

गगनबावडा ते कोल्हापूर ५५ किलोमीटर. आम्ही दोघं क्रेनच्या केबिनमध्येच बसलो होतो. वाटेत कळे गावात चहाला थांबलो तेव्हा मागं जाऊन बघितलं तर करपल्यासारखा वास येत होता, वाकून ट्रान्सफर केसजवळ हात नेला तर लांबनंच चटका बसला, आणि खाली ओल्या डांबरावर ऑइलचा पट्टा. इंजिन बंद असलेली गाडी एवढी तापते कशी? तिथंच माझ्या पोटात गोळा आला. पण त्या वेळेला रात्रीचे सव्वादहा वाजून गेले होते, तसंच पुढं आलो.

तुमच्या टेक्निकल टीमचं उत्तर एका ओळीचं आहे, की "वाहन न्यूट्रलमध्ये असल्यास टोइंगमुळे नुकसान होत नाही, बिघाड आधीचा असावा." हे चूक आहे. गिअर न्यूट्रलला टाकला की इंजिन सुटतं, चाकं सुटत नाहीत. मागची चाकं रस्त्यावर फिरली की डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) फिरतो, त्याच्यामागं प्रोपेलर शाफ्ट (गाडीखालचा लांब दांडा), शाफ्टामुळं ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट. आणि ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, म्हणजे ५५ किलोमीटर आतली बेअरिंगं कोरडी फिरली. गाडीच्या मॅन्युअलमध्येसुद्धा लिहिलंय की चारी चाकं जमिनीवरनं उचलूनच न्यावी. निदान मागच्या चाकांखाली ट्रॉली घालायची, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट खोलून वर बांधून ठेवायचा, तरी गाडी वाचली असती.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्याला सांगितलं तर तो हळहळला. तिकडं लोक मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागं अख्खी पिकअप चारी चाकांवर ओढत शेकडो मैल नेतात, त्यामुळं त्याला हे सगळं पाठ आहे. तो म्हणाला तिकडच्या बऱ्याच पिकअपमध्ये टू व्हीलवाली अशी ओढता येत नाही, फोर बाय फोर असेल तरच येते, कारण तिच्या ट्रान्सफर केसला स्वतःचा वेगळा न्यूट्रल असतो, तो टाकला की चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. ज्या गाडीला तो न्यूट्रल नाही तिचा एकतर शाफ्ट काढतात किंवा सरळ ट्रेलरवर चढवतात. आणि निघायच्या आधी प्रत्येकजण आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघतो. माझ्या गाडीच्या नॉबवर टू एच (दोन चाकं), फोर एच (चार चाकं) आणि फोर एल (चार चाकं, हळू आणि जास्त जोर) एवढंच आहे, वेगळा न्यूट्रल नाहीच. हे बघायला तुमच्या माणसाला एक मिनिट लागलं असतं.

उद्यमनगरात आमच्या ओळखीचे मिस्त्री आहेत, ३० वर्षं गिअरबॉक्सचंच काम करतात. त्यांनी माझ्यासमोर ड्रेन प्लग खोलला. जे ऑइल लाल यायला पाहिजे ते काकवीसारखं काळं आलं, जळकट वासाचं, आणि प्लगच्या लोहचुंबकाला चांदीसारखा चकचकीत भुगा बोटभर चिकटलेला. मिस्त्रींनी तो दोन बोटांत चोळून बघितला आणि मान हलवली. बराच वेळ कायच बोलले नाहीत. मागचं बेअरिंग निळं पडलंय, सील वितळलेत.

एस्टिमेट १ लाख ८६ हजारांचं आहे, सोबत जोडलंय. अल्टरनेटरचं बिल मी तुमच्याकडं मागत नाही, ते माझं मी दिलंय. पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचा पूर्ण खर्च तुम्ही द्यायचा आणि गाडी उभी असल्यामुळं रानात जायला भाड्यानं जीप लावतोय त्याच्या पावत्यापण आहेत, त्या धरायच्या. अजून एक, हे पैशाइतकंच महत्त्वाचं आहे: तुमच्या कॉल सेंटरच्या फॉर्ममध्ये "गाडी टू व्हील ड्राइव्ह की फोर बाय फोर" हा प्रश्न घाला, आणि फोर बाय फोर असेल तर फ्लॅटबेड आल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम करा. कोकणात उतरणाऱ्या घाटांत आता अशा गाड्या लई दिसतात, उद्या दुसऱ्या कुणाची तरी जाईल.

१५ दिवस वाट बघतो. तोपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली इथं कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ग्राहक जिथं राहतो तिथं केस टाकता येते, त्यामुळं तुमचं हेड ऑफिस कुठं आहे यानं काय फरक पडत नाही.

गिअरबॉक्स अजून उघडाच ठेवलाय, पार्ट ट्रेमध्ये काढून ठेवलेत, त्या काळ्या ऑइलची एक बाटली आणि तो भुगा कागदात बांधून मिस्त्रींच्या कपाटात आहे. कायपण धुतलेलं नाही. तुमचा माणूस पाठवा, मी स्वतः हजर राहतो, येऊन डोळ्यांनी बघा.

आपला,
मेंबरशिप नंबर आणि फोन नंबर ईमेलमध्ये दिलाय
फुलेवाडी, कोल्हापूर

सोबत: एस्टिमेट, जीपच्या पावत्या, कळ्यात मोबाइलवर काढलेले फोटो