तोजो, हिटलर आणि म्हातारे सुझुकी

टोक्यो

ती. बाबांना,
शि. सा. न.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तोजो म्हणजे जपानचा हिटलरच." दुसऱ्या महायुद्धात तो जपानचा पंतप्रधान होता खरा, पण हिटलरसारखा सर्वसत्ताधीश? मला नाही पटत.

रविवारी कोगानेईच्या जुन्या वास्तूंच्या संग्रहालयात गेले होते. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांचं लाकडी घर तिथे आणून उभारलंय. वरच्या मजल्यावर ज्या खोलीत त्यांना मारलं, तिथे उभं राहता येतं. 26 फेब्रुवारी 1936 ची पहाट, बाहेर बर्फ. ताकाहाशी 81 वर्षांचे. लष्कराच्या खर्चाला कात्री लावली, म्हणून सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांचा राग. सुमारे 1,400 सैनिक घेऊन ते निघाले, तेही सम्राटाच्या नावाने. आणि सम्राट हिरोहितोच त्यांच्यावर भडकले! चार दिवसांत बंड मोडलं, म्होरक्यांना पुढे गोळ्या घातल्या.

फावलं मात्र लष्करालाच. त्याच मे महिन्यात जुना नियम परत आला: लष्करमंत्री हा नोकरीतला जनरलच हवा, नौदलाचंही तसंच. सैन्याने माणूस दिला नाही, की मंत्रिमंडळ बनतच नाही. 1937 मध्ये उगाकींना सरकार बनवायला सांगितलं. ते स्वतः निवृत्त जनरल, तरी लष्कराने मंत्री दिला नाही, बसले घरी. जुलै 1940 मध्ये लष्करमंत्र्याने राजीनामा दिला आणि पंतप्रधान योनाईंचं सरकार पडलं. तोजो पंतप्रधान झाला त्यानंतर, ऑक्टोबर 1941 मध्ये. पॅसिफिकमधलं सायपान बेट अमेरिकेने जिंकून घेतल्यावर जुलै 1944 मध्ये त्यालाही पायउतार व्हावं लागलं. हिटलरला कुणी असं घरी बसवलं असतं?

सम्राटाला मात्र मी सोडणार नाही. 1936 मध्ये त्यांच्या एका ठाम "नाही"ने सैनिक बराकीत परतले. मग 1941 मध्ये अमेरिकेशी युद्ध पुकारताना तसंच "नाही" म्हणायला काय झालं होतं?

आईला ही गोष्ट सांगा. त्याच पहाटे सम्राटाच्या खास सेवेतल्या सुझुकी कांतारोंवरही गोळ्या झाडल्या. शेवटचा घाव घालू नका म्हणून त्यांची बायको ताका गयावया करू लागली. लहानपणी हिरोहितोंना हिनेच सांभाळलेलं. अधिकाऱ्याने ऐकलं, सलाम ठोकला आणि निघून गेला. हेच सुझुकी एप्रिल 1945 मध्ये, 77 व्या वर्षी पंतप्रधान झाले. ऑगस्टमध्ये युद्ध थांबवायचं की नाही यावर सहा जणांच्या युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशी कोंडी झाली, तेव्हा त्यांनी सरळ सम्राटाकडेच कौल मागितला. 15 ऑगस्टच्या पहाटे शरणागती नको असलेले माथेफिरू आले, सुझुकींचं राहतं घर जाळलं. म्हातारा तेव्हाही निसटला.

तोजोवर अजून भांडायचं असेल तर शनिवारी फोन करा.

तुमची,
मीरा