भोक पाडलेल्या स्क्रूबद्दल

प्रिय काका,

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आला. संशोधन, अध्यापन, कर्मचाऱ्यांचं यश अशी तीन प्रकरणं. पहिल्यात माझा शोधनिबंध आहे, तिसऱ्यात बढत्या आणि सत्कार. प्रयोगशाळेची यंत्रं जुळवून, दुरुस्त करून देणारे तुम्ही, पण तुमचं नाव एकातही नाही. म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय.

माझा व्हॅक्यूम चेंबर, म्हणजे हवा उपसून रिकामं करायचं ते बंद भांडं, आठवतोय ना? पंप तीन आठवडे अखंड चालू आणि दाब एका आकड्यावर अडून बसलेला. वेल्डिंग तुमचं, तेव्हा लीक तिथेच असणार असं मी ठरवूनच टाकलं होतं. सरांसमोर तसं बोललेही. तुम्ही वाद घातला नाहीत. हेलियमची नळी घेऊन एकेका सांध्यावर वायू सोडत तासभर फिरलात. फट असती तर हेलियम आत शिरून डिटेक्टरनं दाखवला असता; तो ढिम्म. मग विचारलंत, "बाहेरून काही येत नाहीये. आतले स्क्रू कुणी बसवले?"

मीच! बंद तळाच्या भोकात स्क्रू आवळला की त्याच्याखाली चिमूटभर हवा कोंडते आणि आट्यांमधून दिवसचे दिवस झिरपत राहते. लीक नसतं, पण दाब बघणाऱ्याला वाटतं की आहे. तुम्ही सहाही स्क्रू काढलेत, कोंडलेल्या हवेला वाट मिळावी म्हणून लेथवर प्रत्येकाच्या मधोमध १ मिलिमीटरचं आरपार भोक पाडलंत आणि धुऊन वाळत घातलेत. मी नुसत्या हातानं एक उचलायला गेले तर केवढ्यानं ओरडलात: "हातमोजे घाल! बोटांचं तेल आत गेलं की बस पुन्हा आठवडाभर." पाच वर्षांच्या पदवी-पदव्युत्तर शिक्षणात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा खाली आलेला पाहून मी तुमच्याकडे धावत आले, तर तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी पंपाचं तेल बदलत होतात.

मध्यंतरी रदरफर्ड आणि रॉइड्स या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९०९ च्या प्रयोगाबद्दल वाचत होते. किरणोत्सारी पदार्थांतून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे विद्युतभारित हेलियमच, हे त्यांनी ज्या काचनळीच्या जोरावर दाखवलं, तिची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ होती. कण पार जावेत, वायू मात्र अडावा, अशी. ती नळी हेलियम धरून ठेवते का, हेही त्यांनी आधी तपासलं होतं; म्हणजे तुमचीच रीत. नळी घडवली ऑटो बाउमबाख या काचकारागिरानं. निबंधात त्यांचा उल्लेख आहे, पण लेखक दोनच. शंभर वर्षांत आपण फार पुढे आलोय असं काही मला वाटत नाही.

माझ्या प्रबंधातही तुम्ही 'तांत्रिक साहाय्य' एवढ्या दोन शब्दांत आटोपला होतात. याची लाज वाटते.

पुढचा निबंध महिनाभरात जाईल. त्यात लेखक म्हणून तिसरं नाव तुमचं आहे. सरांशी बोलून झालंय; वेल्डिंगबद्दल मी चुकीचं बोलले होते, हेही सांगून टाकलं. नाव पूर्ण लिहू की आद्याक्षरं, तेवढं कळवा.

तुमची,
कायम घाईत असलेली विद्यार्थिनी