मास्तरांचा तीन नंबरचा पेला

छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय दत्त्या,

दिवाळीपासून तुला ना पत्र, ना धड फोन. आधी शिव्या देऊन घे. झालं? शुगर हद्दीत आहे, हिचा गुडघा आहे तसाच. मुद्दा वेगळाच आहे, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगितला तर लोक म्हणतील, रिटायर झाल्यापासून यांना कामं राहिली नाहीत.

काल गच्चीवर बसलो होतो. मास्तर, बंडू, मी आणि माझा भाचा. भाच्यानं पुण्याहून तऱ्हेतऱ्हेच्या बिअरच्या बाटल्या आणल्या होत्या. त्याच्या डोक्यात आलं की, नाव न सांगता चव घ्यायची, कशात काय आहे ते ओतणाऱ्यालाच माहीत. ओतायला अर्थातच मी. काचेचे ग्लास हिच्या शोकेसमध्ये कुलूपबंद (तू फोडलेल्या ग्लासचा विषय अजून निघतो), म्हणून स्टीलचे पेले घेतले आणि बुडाला नंबर चिकटवले. एकात आपल्या वाळूजची नेहमीची लागर, एकात कडवट आयपीए (म्हणजे इंडिया पेल एल), एकात गव्हाची पांढुरकी विटबिअर, एकात पिल्सनर, एकात स्टाउट. कोणत्या नंबरात काय, ते एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं.

मास्तरांनी तीन नंबर उचलला. तुला माहीतच आहे त्यांचं, आधी नाक, मग दोन बोटं मिशीवर, मग घोट. तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही बघा. हिला शिस्त आहे. मागून जालन्याच्या मोसंबीची साल येते, लागतेय का जिभेला?" दहापैकी नऊ. मग दोन नंबर घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात कुणी निंबोळ्या ठेचल्यात?" चार.

दत्त्या, तीन नंबर विटबिअर होती! आणि निंबोळ्यांची ती त्यांची आयपीए, जिच्यापायी आपण इतकी वर्षं व्याख्यानं ऐकली. "ही बिअर खास हिंदुस्थानासाठी निघाली, लंडनच्या हॉजसननं शोधली, बोटीच्या प्रवासात टिकावी म्हणून हॉप्स, म्हणजे बिअरला कडू करणारी ती फुलं, वाढवले," हे तुला पाठ असेल. तसल्या कडक हॉप्सच्या बिअरी हॉजसनच्या आधीपासून होत्या आणि 'इंडिया पेल एल' हे नाव 1830 च्या आसपास रुळलं, हे मी एकदा म्हणलो तर मला गप्प बसवलं होतं. तूच बसवलं होतंस. विसरलो नाही मी.

आणि विटबिअर म्हणजे मास्तरांच्या भाषेत 'धन्याचं पाणी'. धने आणि संत्र्याची साल पडते म्हणून. मला ती पहिल्यापासून आवडते, तर त्यावर ऐकवायचे, "तुझी जीभ लॅबमध्ये वाया गेली." बेल्जियममधल्या हुगार्डन गावात हा प्रकार बंदच पडला होता आणि 1960 च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्यानं तो पुन्हा सुरू केला, हे मी कौतुकानं सांगितलं, तेव्हा बंडू म्हणला, "मग पाणी घातलेलंच असणार." मास्तर ठसका लागेपर्यंत हसले होते.

तर आता ती चिठ्ठी माझ्याकडे आहे आणि निकाल कुणालाच सांगितलेला नाही. सांगणार तेवढ्यात लाईट गेली, बंडूच्या घरून फोन आला, मैफल मोडली. भाचा सकाळपासून मागे लागलाय की, ग्रुपवर टाकू. मी म्हणतो, चिठ्ठी सापडत नाही.

का टाकत नाही, ते सांगतो. एक तर मास्तरांची वर्षभरातली अवस्था तुला माहीत आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. शनिवारी गच्चीवर येतात ते चव सांगायलाच. भाच्याच्या वयाची पोरं हातात बाटली धरून त्यांच्याकडं बघतात, तेवढा वेळ बरे असतात.

दुसरं म्हणजे, आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केलं, एका चाचणीवर मी बॅच कधी नापास केली नाही. खरी पद्धत त्रिकोणी चाचणीची. तीन पेले, दोनांत एकच माल, एकात वेगळा, आणि वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजानंही तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. इथं एकदाच घेतली. त्यात सगळ्या बाटल्या थेट फ्रीजमधल्या. इतक्या गारव्यात वास दबतो आणि नुसता कडूपणा पुढं येतो, म्हणजे आयपीएवर अन्यायच. शिवाय मास्तरांनी मधेच बंडूच्या ताटलीतला ठेचा खाल्लेला मी पाहिलाय. तिखटावर आयपीए घेतली की दोन्ही जास्तच झोंबतात. विटबिअरचं कडूपण 10 ते 20 आयबीयू (कडूपणा मोजायचं माप), आयपीएचं 40 ते 70. ठेच्यानंतर कोण जिंकणार?

आणि स्टीलचा पेला! त्यात रंग दिसत नाही, गढूळपणा दिसत नाही. फ्रान्समध्ये बोर्दोला वाईन शिकणाऱ्या 54 जणांना पांढरी वाईन लाल रंगवून दिली, तर त्यांनी लाल वाईनचे शब्द वापरून तिचं वर्णन केलं. 2001 साली छापून आलंय. ती पोरं अडाणी नव्हती, डोळ्यांनी आधी सांगितलं आणि नाकानं मान डोलावली. मास्तरांचंही तसंच. पांढुरकी बिअर काचेत दिसली की त्यांना धने आठवतात आणि खरोखरच आवडत नाही. नाटक नाही ते. स्टीलमध्ये आवडली तेही नाटक नाही. मला दोन्ही खरं वाटतं, पण हे ग्रुपवर कसं लिहू? तिथं हसण्याचे पिवळे चेहरे पडतील आणि मास्तर पुढच्या शनिवारी येणार नाहीत.

आता मनातलं सांगतो, हसू नको. निम्मा जीव म्हणतो, टाकच. 'धन्याचं पाणी' ऐकून ऐकून कान किटलेत. चिठ्ठी दाखवावी, चष्मा पुसत बसावं आणि एक शब्दही बोलू नये. असा मोका पुन्हा येणार नाही.

तू काय म्हणशील हे मला ठाऊक आहे, आणि तुझ्यावर माझा विश्वास नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, खंडपीठानं इथल्या दारू कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांनी कापलं होतं आणि तू माझ्या गच्चीवर भरलेला ग्लास तसाच ठेवून उठलास. "माझ्या भावाच्या घरी हंडे मोजतायत," म्हणलास. बरोबर होतास. पण पुढच्या महिन्यात तूच माझ्याकडं येऊन स्टाउटमध्ये बर्फ टाकलास, ते कुठल्या तत्त्वात बसतं? बर्फाला पाणी लागत नाही का? मास्तरांनी तेव्हा तुला काहीच म्हणलं नव्हतं, उलट बर्फाचा ट्रे तुझ्याकडं सरकवला. ते काल रात्री आठवलं, म्हणून हे पत्र.

तुझं कसं चाललंय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? सूनबाई नव्या नोकरीत रुळली असेल. डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नको. नातवाला आशीर्वाद.

काय करू ते पत्रानंच कळव. फोन नको, मास्तर संध्याकाळी माझ्याच शेजारी बसलेले असतात आणि मी ऐकू येत नाही म्हणून स्पीकर लावतो. येशील तेव्हा विटबिअरच्या दोन बाटल्या आण. एक मला. दुसरी मास्तरांना स्टीलमध्ये देऊ.

तुझा,
रम्या